सोमादादाच्या कार्डांवरची काळी पट्टी

गेल्या महिन्यापासून आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याशी कोणी बोलत नाही. नका बोलू. मला गुड मॉर्निंगच्या फुलांवाचून जगता येतं. पण 'कुंदा फार आक्रस्ताळी, एवढ्याशा टेपवरून केवढं रामायण केलं' असं जे माझ्या पाठीमागे चाललंय ना, त्याच्यासाठी हे लिहितेय. टेप एवढीशी होती हे खरं. ती कोणाच्या डोळ्यांवर चिकटवली होती, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते, आणि त्यासाठी आधी सोमादादा कोण ते सांगायला हवं.

सोमनाथ रेवाळे माझ्या माहेरच्या गावचा, गुहागर तालुक्यातला. आमच्या आणि त्यांच्या घरात एका दगडी गडग्याचं अंतर. वयानं माझ्याहून मोठा, म्हणून दादा. माझं लग्न होऊन मी दुबईत आले त्याच्या कितीतरी आधीपासून तो इथे आहे. रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांचं गोडाऊन आहे, तिथे माल उतरवायचा, रचायचा, बांधून द्यायचा. राहायला मुहैस्नाहच्या कँपमध्ये, ज्याला इथे सगळे सोनापूरच म्हणतात. मी, माझा नवरा अनिल आणि मुलगी मिहिका इंटरनॅशनल सिटीत राहतो. अनिल एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला, मी दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला. दादा ईदच्या सुट्टीत, नाहीतर गणपतीत आमच्या घरी येतो, कुळथाची पिठी आणि भात खातो, स्वतःचं ताट स्वतः धुतो आणि मी ओरडले की म्हणतो, "ऱ्हाऊ दे गो कुंदाताय, हाताला सवय हाय."

ह्या माणसाला नाद एकच. दारू नाही, लॉटरी नाही, फोनवर रील्स बघत पडणं नाही. त्याला कार्डं जमवायचा नाद आहे, क्रिकेटवाल्यांची, सहीसकट.

आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची छोटी कार्डं यायची. दादाच्या घरी गम विकत घ्यायची ऐपत नव्हती, मग हा दुसऱ्यांनी गम खाल्ला की कार्ड मागून आणायचा. दुबईला आल्यावर एका सुट्टीत तो शारजाला स्टेडियमबाहेर दिवसभर उन्हात उभा राहिला, एका मोठ्या खेळाडूची सही घ्यायला. गाडी आली, काच वरच राहिली, गाडी गेली. मला सांगताना म्हणाला, "त्याला घाई असंल." दुसरा कोणी असता तर तिथेच खलास. हा कँपवर आला आणि त्यानं ठरवलं की रविवारी ज्याचा खेळ आपण आपल्या डोळ्यांनी बघतो, त्याचीच सही घ्यायची.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आधी, सोनापूरमागच्या रिकाम्या वाळूच्या जागेत मॅच असते. टेनिसचा बॉल, पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटचे स्टंप. रत्नागिरीवाले, रायगडवाले, कधी सातारचेही. गावात पावसाळा संपला की जशा वाडीवाडीच्या टुर्नामेंटा लागतात, तशाच इथे कँपाकँपाच्या. कॉमेंट्रीसुद्धा मराठीत होते, रिकाम्या बाटलीचा माईक करून. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर परांचीवर काढलेली ही माणसं त्या दोन तासांत कोणीतरी असतात.

कार्डाला फोटो हवा. आणि गल्फमधल्या मजुराकडे दुसरं काही नसेल, पण पासपोर्ट साइज फोटो असतातच. व्हिसा रिन्यू करायचा, फोटो द्या. लेबर कार्ड, फोटो. मेडिकल, फोटो. स्टुडिओवाला अख्खी पट्टी छापून देतो, त्यातले दोनतीन लागतात, उरलेले पाकिटात पडून असतात. मागे पांढरा पडदा, ताठ मान, कॉलरचा शर्ट आणि स्टुडिओत खुंटीला टांगलेला, येईल त्याच्या गळ्यात घालायचा टाय. दादाच्या कार्डांवरचे निम्मे बॉलर त्या एकाच टायमध्ये आहेत.

गोडाऊनमध्ये ऑइल फिल्टरची खोकी येतात, त्यांचा पुठ्ठा बाहेरून गुळगुळीत असतो. दादा तो पत्त्याएवढा कापतो, वर फोटो चिकटवतो, फोटोखाली नाव आणि गाव, आणि त्याच्याखाली त्या खेळाडूची सही. मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात एक-दोन ओळी. 'बबन, खेड. कॅच सुटला की स्वतःच हसतो, म्हणून कोणी शिव्या देत नाही.' 'महादू, चिपळूण. बॉल हळू टाकतो. बॅटवाल्याला ते उशिरा कळतं.' मी हसून हसून लोळले होते पहिल्यांदा वाचलं तेव्हा.

त्यात त्याचा एक नियम. सही कोणाचीही घ्यायची नाही. माणसानं मैदानावर काहीतरी केलं पाहिजे, ज्यानं दादा उभा राहील. मग मॅच संपली की हा जवळ जातो, पेन पुढे करतो आणि विचारतो, "सही देतोस काय?"

जरा विचार करा. ह्या माणसांच्या सह्या आजवर कोणी घेतल्या? पगाराच्या कागदावर घेतल्या. वाचता न येणाऱ्या अरबी काँट्रॅक्टवर घेतल्या. हेल्मेट मिळालं, बूट मिळाले, कोणाची तक्रार नाही, म्हणून घेतल्या. तिथे 'इधर साइन मार' असं म्हणतात. 'देतोस काय' असं कोणी विचारत नाही. त्यामुळे सोनापूरमध्ये 'तुझं कार्ड झालं?' हा प्रश्न केवढा मोठा आहे, ते आमच्या मंडळातल्या लोकांना कळायचं नाही. रफिक नावाचा दापोलीकडचा पोरगा आहे, परांची बांधतो, मॅचमध्ये विकेटकीपर. तो कार्ड व्हायच्या आधीपासून खोक्यांवर सहीची प्रॅक्टिस करत होता, खाली शेपटी ओढून, मोठे खेळाडू करतात तशी. ह्या थंडीत एका मॅचला त्यानं स्टंपमागे लेगच्या बाजूला झेप घेऊन असा काही कॅच घेतला की दादा उभा राहिला. दादा पेन घेऊन आला तेव्हा म्हणे रफिकला सहीच येईना. शेपटी वाकडी आली, तरी 'दुसरं कार्ड कर' म्हणाला नाही. त्याच्या कार्डामागे लिहिलंय, 'स्टंपमागं बडबड फार. पण बॉल सुटत नाही.'

शुक्रवारी जेवण झाल्यावर दादा आपल्या बंकवर कार्डं मांडतो. अकरा निवडतो, मग कोणाला तरी काढून दुसऱ्याला घेतो. त्यात गावी परत गेलेले असतात, नोकरी बदलून कतारला गेलेले असतात, मागच्या वर्षी गावी गेल्यावर वारलेला महादूसुद्धा असतो. मी विचारलं, "अरे, महादूला कसं खेळवतोस?" तर म्हणाला, "त्याच्याबिगर मधल्या ओव्हरी कोण टाकणार?" एवढा आनंद आहे त्याचा. सगळा मिळून खजुराच्या एका डब्यात मावतो.

आता मंडळाकडे येते.

आमच्या मंडळाचे सेक्रेटरी श्रीरंग टिपणीस. मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि बोलताना ते तसं जाणवू देतात. यंदाच्या महाराष्ट्र दिनाला त्यांनी प्रदर्शन काढलं, 'आपली माणसं, आपले छंद'. कोणाची नाणी, कोणाच्या बाटल्यांवरची चित्रं, मुलांच्या नाचाचे मोठमोठे फोटो. अनिल मंडळाचा खजिनदार, त्यानं बोलता बोलता दादाच्या कार्डांचं सांगितलं. टिपणीस एकदम खूश. "वा, ग्रासरूट स्टोरी. स्पॉन्सरला असंच काहीतरी हवं असतं."

दादा आमच्या घरी डबा घेऊन आला, पण हातातून सोडेना. अनिलला म्हणाला, "भावोजी, परत भेटतील ना?"

"अरे सोमनाथ, संडेला प्रोग्रॅम, मंडेला तुझी कार्डं तुझ्या हातात. इन्शाल्ला," अनिल म्हणाला.

आणि हे नीट वाचा. दादानं कार्डं द्यायच्या आधी एकेकाला विचारलं होतं. जे इथे आहेत त्यांना मैदानावर, जे गावी आहेत त्यांना फोन करून. महादूच्या बायकोला, आशाला, चिपळूणला फोन लावला होता. "भिंतीवर लावणार हायत, साहेब लोक बघणार, चालंल ना?" सगळ्यांनी हो म्हटलं. आशा तर रडली. रफिकनं आपल्या आईला, खैरुन्निसाबींना, कळवलं. त्यांनी सगळ्या मोहल्ल्याला कळवलं. रफिकचं लग्न ठरायच्या बेतात होतं, शेजारच्या गावातली लायबा नावाची मुलगी. तिच्या आईलाही खैरुन्निसाबींनी त्या दिवशी घरी बोलावून ठेवलं, की पोरगा फोनवरून दाखवणार आहे, बघायला या.

प्रोग्रॅमच्या दिवशी मी सकाळपासून शाळेच्या हॉलमागे पुरणपोळ्यांच्या काउंटरला होते. भिंत बघायला सवडच झाली नाही. मिहिका धावत आली. ती सातवीत आहे, मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्लिशमध्ये. म्हणाली, "ममा, सोमामामाज फ्रेंड्स. व्हाय आर दे ऑल अरेस्टेड?"

मला वाटलं, काहीतरी बरळतेय. हात पुसत बाहेर गेले.

भिंतीवर दादाची सगळी कार्डं ओळीनं लावली होती. छान काळा कपडा, वर दिवे. आणि प्रत्येक कार्डावर, प्रत्येक माणसाच्या डोळ्यांवर, काळी पट्टी. वायरीला गुंडाळतात ना, ती इन्सुलेशनची टेप. पेपरात चोर पकडला की छापतात तशी. ओळच्या ओळ. टायमधले बॉलर, हसरा बबन, महादू, सगळे डोळे झाकलेले. खाली नाव तसंच. गाव तसंच. सही तशीच. फक्त डोळे नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अनिलला शोधत होते तेवढ्यात दारातून सोनापूरची माणसं आली. त्यांनी मिळून बस केली होती. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, कोणी अत्तर लावलेलं. ही माणसं आमच्या हॉलमध्ये कधी येत नाहीत, त्यामुळे आधी दाराशीच घुटमळली. दादा सगळ्यात मागे. पण रफिक पुढे होता, कारण त्यानं बसमधून उतरतानाच बोटीम ॲपवर आईला व्हिडिओ कॉल लावलेला. फोन उंच धरून तो बोलतच आत आला, "थांब अम्मी, आता दाखवतो, हां, हे बघ, ही भिंत." कार्डं शोधत गेला, खालच्या ओळीत स्वतःचं नाव दिसलं आणि त्यानं फोन जवळ नेऊन धरला. स्वतः बघायच्या आधी त्यानं आईला दाखवलं.

फोनमधून आधी चारपाच बायकांचे आवाज येत होते. ते बंद झाले. मग खैरुन्निसाबींचा एकटीचा आवाज आला. "रफिक, तुला पोलिसान धरलान काय रे?"

त्यानं कार्डाकडे बघितलं. मग फोन छातीला लावला, आणि तसाच बाहेर निघून गेला.

दादा भिंतीपाशी आला. त्यानं महादूचं कार्ड भिंतीवरून काढून हातात घेतलं आणि नखानं टेपचं टोक हळूच उचललं. टेप निघाली, पण फोटोचा वरचा पापुद्रा तिच्याबरोबर आला. डोळ्यांच्या जागी पांढरा कागद उरला. दादानं ती टेप परत तिथेच दाबून बसवली. दुसऱ्या कुठल्याही कार्डाला मग त्यानं हात लावला नाही.

मी टिपणिसांना गाठलं. ते स्पॉन्सरबरोबर चहा पीत होते. म्हटलं, "हे काय केलंत तुम्ही?"

"कुंदाताई, आवाज जरा खाली. तुम्हाला इथल्या कायद्याची कल्पना नाही. कोणाचाही फोटो विदाउट कन्सेंट पब्लिकमध्ये लावला तर केस होते. मंडळ अडचणीत येईल. आपण प्रायव्हसी प्रोटेक्ट केली."

"कायदा मला ठाऊक आहे, मी क्लिनिकमध्ये रोज तेच फॉर्म भरून घेते. फोटोखाली त्या माणसाची सही आहे. त्याला विचारून आणलंय. अजून काय कन्सेंट हवी होती?"

"ती सही लीगल नाही हो. ती हौसेची सही आहे."

हौसेची सही. हे शब्द माझ्या कानात अजून आहेत. "आणि प्रायव्हसी कसली प्रोटेक्ट केलीत?" मी म्हटलं, "नाव आहे, गाव आहे, सही आहे. त्याच्या अख्ख्या वाडीला कळेल कोण आहे ते. फक्त तो चोर दिसतोय, एवढाच फरक तुम्ही केलात."

ते हसले. असं, की ह्या बाईला काय समजावायचं. मी शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे मंडळातल्या मुलांच्या नाचाचे दरवाजाएवढे फोटो होते, त्यात टिपणिसांचा मुलगा अंश फेटा बांधून मधोमध. "ह्यांच्या डोळ्यांवर का नाही पट्ट्या? ह्यांचे कन्सेंट फॉर्म दाखवा मला."

"अहो, ती आपली माणसं आहेत," टिपणीस म्हणाले.

बोलून गेले आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. मागे भिंतीवर केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आपली माणसं. मी तिथून निघाले, कारण थांबले असते तर जे तोंडातून निघालं असतं ते मिहिकासमोर बोलण्यासारखं नव्हतं. दादा आणि त्याची माणसं तोवर बाहेर गेली होती. कोणी पुरणपोळी खाल्ली नाही. मी पिशवीत भरून बसपाशी नेल्या, तर बबन म्हणाला, "नको ताय, जेवून आलाव." आले नव्हते जेवून. मला माहीत आहे.

घरी येताना गाडीत मी अनिलला विचारलं, "टेप कोणी लावली?"

तो सिग्नलकडे बघत म्हणाला, "डिसिजन कमिटीचा होता."

"लावली कोणी?"

"टिपणीस वाकड्या लावत होते. मी फक्त सरळ कापून दिल्या." मग सिग्नल सुटल्यावर, "आणि लावल्या. मला वाटलं, निघते ती टेप. ड्रॅगन मार्टमधून आणली होती, दोन दिरहमची."

दोन दिरहम, म्हणजे आपले पन्नासेक रुपये. हा माझा नवरा. ह्यानं दादाच्या हातून डबा घेतला होता, इन्शाल्ला म्हणाला होता, आणि दाढी करावी इतक्या निगुतीनं त्यानं एकेका माणसाचे डोळे बंद केले. वाकडी दिसू नये म्हणून पट्टीला पट्टी लावून कापल्या. मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही, आणि बोलायला लागले तेव्हा त्याला वाटलं, न बोलणं बरं होतं.

टिपणिसांनी ग्रुपवर मेसेज टाकला. 'प्रदर्शनातील काही बाबींमुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास मंडळ दिलगीर आहे.' त्याखाली नमस्काराच्या हातांची रांग. कोणाच्या भावना, कुठली बाब, कोणी दुखावल्या, त्यात एकाचंही नाव नाही. मी खाली लिहिलं, 'ह्या मेसेजच्या डोळ्यांवर पण पट्टी आहे.' तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे तो हा.

पुढच्या रविवारी मी सोनापूरला गेले. दादा मैदानाच्या कडेला बसला होता, कार्डांचा डबा आणला नव्हता. एका नव्या पोरानं ओळीनं षटकार मारले. मॅच संपल्यावर सगळे दादाकडे बघायला लागले, तो पोरगापण. दादा खाली वाळूकडे बघत राहिला. त्यानं पेन काढलं नाही.

मी म्हटलं, "दादा, नवे फोटो घेऊन नवी कार्डं करू. मी येते मदतीला."

"कार्डांचं सोड गो," तो म्हणाला. "रफिकचं काय करायचं ते सांग."

तेव्हा मला कळलं की तिकडे काय झालंय. लायबाच्या आईनं त्या दिवशी फोनवर बघितलं आणि उठून घरी गेली. चार दिवसांत गावभर झालं की खैरुन्निसाचा पोरगा दुबईत आत आहे. लायबाच्या घरून निरोप आला, सध्या थांबू या. रफिक रोज फोन करून आईला सांगत होता की अम्मी, असं काही नाही. दादानंही फोन केला. पण ती बाई म्हणाली, "तू त्याचा दोस्त. दोस्त काय खरं सांगणार? फोटो काय उगाच कोण तसा लावतो? शिकलेली माणसं हायत ती." त्या रविवारी रफिक खेळायलाही आला नव्हता.

"मी कोणाची सही आता कुठल्या तोंडानं मागू?" दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ज्यानं पट्टी लावली त्यानं तिला सांगायला होया. बाकी कोणाचं ती ऐकायची नाय."

मी टिपणिसांना फोन केला. ते म्हणाले, "असं वन टू वन कॉल करणं म्हणजे आपण चूक ॲडमिट केल्यासारखं होतं." मी म्हटलं, "केल्यासारखं नाही, करायचीच आहे." त्यांना मीटिंग होती. त्यांना त्या आठवड्यात मीटिंगाच मीटिंगा होत्या.

राहिला अनिल. तो म्हणाला, मी काय बोलू, मला तशी भाषा येत नाही, तू बोल ना, तू त्यांच्या बाजूचीच आहेस. म्हणाला, मी छानसं लेटर ड्राफ्ट करतो. मी म्हटलं, त्या बाईला तुझं लेटर वाचून कोण दाखवणार, लायबाची आई? गाडीची चावी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, यल्ला, चल.

रविवारची मॅच सुरू व्हायची होती. दादानं रफिकला खोलीवरून बोलावून आणलं होतं. तो आमच्याकडे न बघता उभा राहिला. बाकीची माणसं लांब होती, पण कोणी स्टंप लावत नव्हतं. अनिल ऑफिसचा शर्ट घालून आला होता, पाठीवर घामाचा डाग पसरलेला.

"भावोजी, चेहरा दिसू दे तिला," दादा एवढंच बोलला.

रफिकनं बोटीम लावला, आईला काहीतरी हळू सांगितलं आणि फोन अनिलला दिला. मी बाजूनं बघत होते. पडद्यावर डोक्यावरून ओढणी घेतलेली साठीची बाई, मागे निळी भिंत, आणि दाराशी आणखी दोघीतिघी उभ्या.

"नमस्कार," अनिल म्हणाला. "मी अनिल. मंडळाचा खजिनदार. म्हणजे, रफिकला काही झालेलं नाही. पोलीस वगैरे काही नाही. तो फोटो, त्याच्यावर जी पट्टी होती, ती आमच्याकडून, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं, काळजी म्हणून."

"कुणी लावलान?" तिनं विचारलं.

अनिलनं माझ्याकडे बघितलं. मी मैदानाकडे बघितलं.

"मी लावली," तो म्हणाला.

ती बाई फोनजवळ आली. त्याचा चेहरा नीट बघत होती, कपाळ, चष्मा, सगळं. रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि तेच वाईट होतं.

"तुमी माज्या पोराला बघितलांत कधी?"

"नाही. म्हणजे, फोटोत."

"मंग साहेब, त्याच्या डोल्यांत तुमाला असं काय दिसलान, की झाकलांत?"

अनिलनं तोंड उघडलं. कायदा, कमिटी, कन्सेंट, त्याच्याकडे सगळं होतं, येताना गाडीत पाठ करून आला होता. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. ती वाट बघत राहिली, मागच्या बायकाही. रफिक पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघायला लागला होता.

अनिलनं फोन माझ्यापुढे केला.

मी घेतला नाही.